शुक्रवारचा घोडेस्वार

आखातात, सालमियात आम्ही राहायचो ते घर समुद्रापासून एका गल्लीवर होतं. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि जेमतेम दोन माणसं उभी राहतील एवढी गॅलरी. खाली एका इराण्याचं खुबुसचं दुकान होतं. सकाळ-संध्याकाळ त्याच्या भट्टीतल्या गरम रोट्यांचा वास जिन्यातून वर चढायचा आणि आईनं घातलेल्या लसणीच्या फोडणीत मिसळून जायचा. खिडकीतला एसी जुना होता, बोटीच्या इंजिनासारखा घरघरायचा, त्यामुळं आमच्या घरात सगळेच मोठ्यानं बोलत. माझा मुलगा आजही म्हणतो, "आई, हळू बोल, आम्ही बहिरे नाही." हल्ली मी त्याच्याकडेच असते, त्याच सालमियात, चार गल्ल्या पलीकडं. आमची ती इमारत केव्हाच पाडली. तिथं आता काचेचं उंच काहीतरी उभं आहे. तिथून जाताना मी वर बघत नाही. बघितलं तर आमची गॅलरी जिथं होती तिथली हवा शोधत बसते, आणि बरोबर असलेली नात म्हणते, "आजी, व्हॉट आर यू लुकिंग ॲट?"

माझे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, अमघऱ्याला एका लोखंडाच्या यार्डात फोरमन होते. पहाटे कंपनीची बस येई आणि संध्याकाळी ते परत येत तेव्हा त्यांच्या कपड्यांना गंजाचा आणि वेल्डिंगचा वास असे. त्यांचा धाकटा भाऊ, बापूकाका, त्याच कंपनीच्या दुसऱ्या यार्डात होता. त्याला कंपनीची खोली मिळाली होती, पण तो कधी तिथं राहिला नाही. "तिकडं दहा गडी घोरतात, वैनी," असं आईला सांगून तो आमच्या बाहेरच्या खोलीत गादी टाकून झोपायचा आणि सगळ्यांत मोठ्यानं तोच घोरायचा. लग्न व्हायचं होतं. गावाकडून आजी मुली सुचवायची आणि हा म्हणायचा, पुढच्या सुट्टीत बघू. उंच, सडपातळ, पुढचे दोन दात थोडे बाहेर. तो हसला की आई हातातलं काम ठेवून त्याच्याकडं बघायची, इतकं ते हसणं घरभर व्हायचं.

सुट्टी शुक्रवारची. त्या दिवशी अण्णा आणि बापूकाका सकाळीच मच्छी बाजारात जायचे. पापलेटला इथं झुबैदी म्हणतात. अण्णांना ते नाव कधीच पटलं नाही, ते कोळ्याशी मराठीतच भांडायचे आणि तो अरबीत उत्तर द्यायचा, आणि व्यवहार होऊन जायचा. गावाहून आणलेली आमसुलं आई वर्षभर पुरवायची. झुबैदीचं तिखलं, भात, सोलकढी, वर तळलेल्या तुकड्या. जेवणं झाली की सगळे आडवे व्हायचे आणि उन्हं उतरायला लागली की बापूकाका उठून टीव्ही लावायचा. इंग्रजी कार्यक्रमांच्या चॅनेलवर त्या वेळी एक जुनी अमेरिकन मालिका लागायची. काळीपांढरी, घोड्यांची, धुळीची, लाकडी गावांची. तिचं खरं नाव आमच्या घरात कुणीच घेत नसे. आम्ही तिला 'घोडेस्वार' म्हणायचो.

त्यातल्या नायकाला आम्ही 'कोटवाला' म्हणायचो. काळा लांब कोट, डोळ्यांवर आलेली टोपी. त्याच्या भावाला कुणीतरी पाठीत गोळी घालून मारलं होतं, आणि हा दर आठवड्याला एका नव्या गावात त्या माणसाला शोधत जायचा. त्याच्यामागून खेचरावर बसलेला एक म्हातारा पाद्री यायचा. पाद्री म्हणायचा, सूड देवावर सोपव, पोरा. कोटवाला म्हणायचा, देवाला माझ्या भावाचं नाव तरी ठाऊक आहे का? दर वेळी सापडायचा तो माणूस भलताच निघे आणि कोटवाला पुढच्या गावाकडं घोडा वळवी.

अण्णांचं इंग्रजी कामापुरतं. मी शाळेत इंग्रजीत शिकत होते म्हणून अर्थ सांगायचं काम माझं. पण त्यात भागीदार होता. अण्णांचे मित्र हुसेनचाचा, आमच्याच किनाऱ्यावरचे, रत्नागिरीकडचे. बनेद अल-गारमध्ये त्यांचं चहा-नाश्त्याचं छोटं हॉटेल होतं. दर शुक्रवारी ते आमच्याकडे यायचे, हातात खजुराचा नाहीतर भाजलेल्या सुक्या बोंबलांचा पुडा. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण खाली धावणारी अरबी अक्षरं ते झरझर वाचायचे आणि आपल्या बोलीत सांगायचे. मी म्हणायचे, "पाद्री म्हणतो, जाऊ दे आता." चाचा म्हणायचे, "नाय गो, तो म्हणतो, माफ कर." आमचं यावरून भांडण व्हायचं. बापूकाका निवाडा द्यायचा, "दोघं गप बसा, घोडे काय बोलतात ते मला ऐकू दे!"

आणि अजान. मगरिबची, सूर्यास्ताच्या नमाजाची वेळ झाली की टीव्हीवर काहीही चालू असो, ते थांबायचं. पडद्यावर मशिदीचं चित्र यायचं आणि अजान सुरू व्हायची. ती संपली की कार्यक्रम थांबला होता तिथून पुढं. सूर्य कधी लवकर मावळे, कधी उशिरा, त्यामुळं अजान गोष्टीत कुठं येईल ते ऋतूवर असायचं. कधी सुरुवातीलाच, तर कधी ऐन बंदूक रोखलेली असताना. चाचा उठून आतल्या खोलीत नमाजाला जायचे. त्यांच्यासाठी आई एक धुतलेली चादर वेगळी घडी करून ठेवायची. ते आत, टीव्हीवर मिनार, आणि बाहेर बापूकाकाचा खेळ.

तो खेळ असा. कंबरेपासून हात झटकन वर, पहिलं बोट बंदुकीसारखं ताठ, मग ती बंदूक मनगटातून गरगर फिरवायची, बोट आभाळाकडं करायचं आणि टोकावरचा धूर फुंकायचा. कोटवाला प्रत्येक मारामारीनंतर तसं करी. बापूकाकाचं त्याच्यापेक्षा झकास व्हायचं, असं माझं तेव्हाही मत होतं आणि आजही आहे. अण्णा सहसा हसायचे नाहीत, पण त्या फुंकेला हसायचे.

एका शनिवारी अण्णा दुपारीच घरी आले. कंपनीची बस नाही, साहेबाची गाडी. ते जिन्यावरच बसले. आईनं दार उघडलं तर म्हणाले, "बापू गेला." एवढंच. यार्डात क्रेननं लोखंडी सळ्यांचा गठ्ठा उचलताना तो एका बाजूनं घसरला आणि खाली उभ्या बापूकाकावर आला. क्रेनवर शांताराम होता. आमच्या खाडीच्या पलीकडच्या गावचा, बापूकाकाच्याच वयाचा. दोघं एकाच करारावर, एकाच विमानानं इथं आलेले. गठ्ठ्याला साखळी लावून उचलायची खूण करायचं काम बापूकाकाचं, उचलायचं काम शांतारामचं. गठ्ठ्याच्या एकाच टोकाला साखळी लागली होती. दुसरं टोक मोकळं असतानाच क्रेननं वर घेतलं. शांतारामनं पोलिसांना सांगितलं, खूण नव्हती, मीच घाईनं उचललं. झालं. त्याला आत टाकलं, मग जामिनावर सोडलं, पासपोर्ट ठेवून घेतला. खटला उभा राहणार होता. इथल्या रीतीप्रमाणे मयताच्या घरच्यांनी माफ केलं तर माणूस सुटून घरी जाऊ शकतो. मयताच्या घरचे म्हणजे इथं अण्णाच.

अण्णांनी सांगितलं, माफी नाही.

त्यांनी आरडाओरडा केला नाही. रोज कामावर गेले, रोज आले. बापूकाकाची गादी गुंडाळून ठेवली होती, ती कुणी हलवली नाही. आईच्या देवांचा एक छोटा लाकडी देव्हारा फ्रिजवर होता. अण्णा एका संध्याकाळी म्हणाले, "ते उचल तिथनं." आईनं देव एका स्वच्छ फडक्यात बांधले आणि स्वयंपाकघरातल्या कपाटात तांदळाच्या डब्यामागं ठेवले. मला वाटलं, ती ऐकून घेते. नंतर एकदा पाणी प्यायला गेले तर ती कपाटाचं दार किलकिलं करून आत हात जोडत होती. मला बघून तिनं दार लावलं आणि म्हणाली, "मुंग्या झाल्यात का बघत होते."

घोडेस्वार मात्र अण्णांनी सोडला नाही. आधी जो खेळ होता तो आता त्यांचं जणू व्रत झालं. ताठ बसायचे, पापणी न हलवता. मी अर्थ सांगायला लागले तर हात वर करून थांबवायचे. त्यांना आता अर्थ नको होता. कोटवाला शोधतोय, थांबत नाही, एवढं त्यांना कळत होतं आणि तेवढं पुरत होतं. चाचा येत राहिले. एका शुक्रवारी ते हळूच म्हणाले, "दादा, तो पोर रोज माझ्या हॉटेलात येतो. चहा समोर ठेवतो नि बघत बसतो. त्याची आई तिकडं एकटी आहे. सोपवा ना वरच्यावर."

"कुणावर? तुमचा अल्ला नि माझा देव, दोघं होते ना तेव्हा वर? क्रेनच्याही वर होते. काय केलं त्यांनी?"

चाचांनी मान खाली घातली. आईनं चहाचे कप उचलले. माझ्या आयुष्यात देवाबद्दल मी पुष्कळ व्याख्यानं ऐकली, प्रवचनंही. पण त्या प्रश्नाचं उत्तर मला कुणी दिलेलं नाही, आणि चाचांनी ते द्यायचा प्रयत्न केला नाही म्हणून ते मला आजही जवळचे वाटतात.

पुढच्या शुक्रवारी घंटा वाजली. दार मी उघडलं. चाचांच्या मागं शांताराम उभा होता. बापूकाकाबरोबर अनेकदा जेवायला आलेला, ताटात दुसऱ्यांदा भात घ्यायला लाजणारा शांताराम. गालफडं बसली होती. चपला त्यानं जिन्यावरच काढल्या होत्या.

"दादा, आज मी पाव्हणा आणलाय," चाचा म्हणाले. "तुमच्या दारातनं माघारी पाठवायचा असेल तर आम्हा दोघांना पाठवा."

अण्णांनी टीव्हीवरची नजर काढली नाही. आई म्हणाली, "बस, शांताराम."

"मी उभाच बरा, वैनी."

"बस म्हणते ना."

तो दाराशीच, जमिनीवर बसला. आईनं पाणी दिलं. त्यानं पेला दोन्ही हातांत धरला, प्यायला नाही. टीव्हीवर कोटवाला एका उजाड गावात शिरला होता. या वेळी माणूस खरा होता, भावाला मारणारा. पाद्र्यानंच त्याला ओळखलं. किरकोळ अंगाचा शेतकरी, चर्चमध्ये बाकावर बसलेला, शेजारी लहान मुलगी. कोटवाला दारातून आत आला. बंदूक बाहेर. शेतकऱ्यानं मुलीला बाजूला सारलं आणि स्वतः उठून उभा राहिला. अण्णा पुढं झुकले. त्यांच्या मुठी मांड्यांवर आवळलेल्या मला दिसत होत्या.

पडदा बदलला. मिनार आले. अजान सुरू झाली.

चाचा उठले, शांतारामच्या खांद्यावर हात ठेवून आतल्या खोलीत गेले. दार लोटल्याचा आवाज आला. एसी घरघरत होता, टीव्हीतून अजान येत होती आणि खालच्या रस्त्यावरच्या मशिदीतूनही, थोडी मागं पडून, तीच.

"दादा," शांताराम म्हणाला, "मला माफी नको. चाचांनी ओढून आणलं म्हणून आलो. पण तुम्हाला ठाऊक असावं. मी इशाऱ्याशिवाय उचललं नाय."

अण्णा पहिल्यांदा त्याच्याकडं वळले. "पोलिसांना तूच सांगितलंस."

"सांगितलं. दुसरं काय सांगणार होतो? आदल्या दिवशी मी ओव्हरटाइमला होतो. घोडेस्वार बघायला मिळाला नाय. बापूनं एक बाजू अडकवली नि दुसरीकडं निघाला. मी वरनं ओरडून विचारलं, काल शेवटी काय झालं रे? मीच विचारलं." त्याला थांबावं लागलं. "आवाजात त्याचं बोलणं मला ऐकू येणार नाय म्हणून त्यानं करून दाखवलं. ते त्याचं... हात वर, बोट आभाळाकडं, नि गरगर. आमच्यात तोच इशारा आहे, दादा. बोट वर करून फिरवलं की उचल. मी वर्षानुवर्षं तेच बघतोय. डोळ्यानं बघितलं नि हातानं लिव्हर ओढली. मध्ये डोकं आलंच नाय."

अजान चालूच होती.

"मग हे का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? बापू खेळत होता म्हणून मेला? कंपनीतले हसले असते. गावात तुमच्या आईला लोकांनी काय सांगितलं असतं? त्यापेक्षा मी घाई केली, हे बरं."

"खोटं," अण्णा म्हणाले. "सुटायला सगळं खोटं."

शांतारामनं पेला अजून दोन्ही हातांत धरला होता. अण्णा मग माझ्याकडं वळले. "सुमे, ऊठ. बापू कसं करायचा, दाखव."

आई म्हणाली, "अहो, तिला नको."

"दाखव."

मी उठले. माझं वय असं होतं की चारचौघांत हात कुठं ठेवायचे हेही कळत नव्हतं. मी कंबरेपासून हात वर काढला, बोट ताठ केलं, मनगट गरगर फिरवलं, बोट छताकडं केलं. फुंकर मारायची होती, पण ओठ जुळेनात. शांतारामनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं. हातातला पेला सुटून पाणी फरशीवर पसरत होतं आणि ते कुणी पुसत नव्हतं. अण्णा माझ्या बोटाकडं बघत होते. मी हात खाली घेतला तरी ते तिथंच बघत राहिले.

ते हुंदके मी आधी ओळखलेच नाहीत. अण्णांना रडताना मी कधी ऐकलं नव्हतं. बापूकाकाला पेटीतून गावी पाठवलं तेव्हाही नाही. मला वाटलं, एसीलाच काहीतरी झालं. तोवर अजान संपली होती, गोष्ट पुन्हा सुरू झाली होती, घोडे खिंकाळत होते. आईनं उठून टीव्ही बंद केला. कोटवाल्यानं त्या चर्चमध्ये पुढं काय केलं, ते आमच्या घरात कुणालाच माहीत नाही. आता म्हणे जुनं सगळं फोनवर सापडतं. नातीनं शोधून द्यायची तयारी दाखवली होती. मी नको म्हटलं.

चाचा बाहेर आले, सगळ्यांकडं एकदा बघितलं आणि काही न विचारता फडकं घेऊन फरशी पुसायला बसले. अण्णा गॅलरीत जाऊन उभे राहिले. आईनं शांतारामला जेवायला वाढलं. कुळथाची पिठी आणि भात, दुसरं काही केलेलं नव्हतं. तो जेवला. हावऱ्यासारखा जेवला, आणि मध्येच घास हातात धरून थांबायचा. तो गेल्यावर आई गॅलरीच्या दाराशी गेली. अण्णांचं बोलणं मला आतून ऐकू आलं. "आता मी कुणावर रागवू?"

"माझ्यावर रागवा," आई म्हणाली. "पण आत या. भात गार होतोय."

लगेच सगळं सुरळीत झालं असं नाही. एकदा अण्णा आईवर खरंच ओरडले, मीठ जास्त झालं म्हणून, आणि ताटावरून उठले. एकदा म्हणाले, शांतारामनं विचारलंच नसतं तर. एकदा म्हणाले, टीव्ही मीच आणला होता. मग एका सकाळी कामावर न जाता त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि चाचांना बोलावून घेतलं. पोलीस ठाण्यात काय झालं ते चाचांनी आम्हाला सांगितलं. अधिकाऱ्यानं अरबीत विचारलं, तुम्ही या माणसाला माफ करता का? चाचांनी ते मराठीत सांगितलं. अण्णा म्हणाले, "त्याला सांगा, पोराला घरी जाऊ दे."

"मी साहेबाला सांगितलं, माफ केलं म्हणतायत," चाचा म्हणाले. मग माझ्याकडं वळून, "तू असतीस तर भांडली असतीस."

खूण कशी झाली, हे अण्णांनी कुणालाही सांगितलं नाही. आजीला शेवटपर्यंत कळलं नाही. शांताराम गावी गेला, परत इथं आला नाही. होडी घेतली, पुढं मासे धरत राहिला. अण्णा निवृत्त होऊन गावी गेल्यावर दोघं संध्याकाळी जेटीवर बसलेले लोकांना दिसायचे. काय बोलायचे, कुणास ठाऊक. आई म्हणायची, काहीच बोलत नाहीत, मी बघून आले. अण्णा गेले तेव्हा मला इथून पोचायला उशीर झाला. त्यांना खांदा देणाऱ्यांत शांताराम होता, एवढं मला फोनवर कळलं.

मागच्या वर्षी गावी गेले होते. शांताराम आता खूप थकलाय, ओसरीवर खाटेवर असतो. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, तरी माणूस आवाजावरून ओळखतो. सून चहा ठेवून आत गेली. मी त्याच्याजवळ बसले आणि इतक्या वर्षांत घरात कुणीच न विचारलेलं विचारलं. आईनं नाही, अण्णांनीही बहुधा नाही. मी म्हटलं, "शांतारामकाका, त्या वेळी बापूकाका कसा होता?"

त्यानं मान अंगणाकडं वळवली.

"हसत होता गो," तो म्हणाला. "लिव्हर ओढली नि मी वर साखळीकडं बघत होतो. पण हसणं आलं ऐकू. इंजिनाच्या वर."

मी चहाचा कप हातात घेऊन तशीच बसले. बापूकाकाचा चेहरा मला आठवतो, दात आठवतात, घोरणंही आठवतं. ते हसणं मात्र किती वर्षं झाली कानात येत नाही. कसं होतं, हे मला सांगता येत नाही. त्या खाटेवरच्या म्हाताऱ्याच्या कानात मात्र ते अजून आहे, आणि ते आठवणारं दुसरं कुणी आता उरलेलं नाही. म्हणून मी निघायची घाई केली नाही. उन्हं कलेपर्यंत त्याच्याजवळ बसून राहिले.